पेपर संपेपर्यंत

१ मार्च, शुक्रवार

सुट्टी. इथे मस्कतला दार्सैतच्या डोंगराला सकाळी नऊलाच चटके बसायला लागले. ऋ. खोलीत, दार बंद. लेकीची बारावी म्हणजे घरात कुणी आजारी असल्यासारखं, आम्ही दोघं चपला काढून चालतो. नि.नं फ्रिजवर वेळापत्रक लावलंय, चार रंगांत. फिजिक्स ४, मॅथ्स ९, बायो १९, कॉम्प्युटर २ एप्रिल. नवरा प्लॅनिंग इंजिनिअर असला की भाजी निवडायलाही तक्ता लागतो.

आईचा फोन. कानाचं मशीन नवीन आहे तरी ओरडूनच बोलते. चिपळूणला माकडं फार झालीत. एक माकडीण स्वयंपाकघरात शिरली, पिल्लू पोटाशी धरून, आणि वरच्या फळीवरचा डबा उघडून... एवढ्यात ऋ. खोलीतून, "मम्मा, प्लीज." मी म्हटलं, आई, पेपर संपले की निवांत बोलू गं. बरं बरं, ठेव, म्हणाली. डब्याचं काय झालं ते राहिलं.

५ मार्च

ऋ. म्हणते फिजिक्स ठीक गेला. तोंड उतरलंय. नि. म्हणतो जागरण.

नि. अचानक फार गुणी झालाय. तीन दिवस माझ्या आधी उठून चहा करतो. काल साबुदाण्याची खिचडी. घरात आलं की सगळ्यांचे फोन त्याच्या ड्रॉवरमध्ये, ऋ.ला मोह नको म्हणून. नियम सगळ्यांना सारखा म्हणे. चिपळूणच्या ग्रुपवरही सामसूम. त्यानंच सांगितलंय सगळ्यांना, परीक्षा होईपर्यंत काही पाठवू नका.

क्लिनिकमधून जेवणाच्या सुट्टीत आईला लावला. वहिनीनं उचलला. "आई झोपल्यात." परवा म्हणाली मशीन बिघडलंय, दुरुस्तीला दिलंय. दादानं घेताना गॅरंटी बघितली असेल तर शपथ.

८ मार्च, शुक्रवार

सुरमई आणली. नि.नं ताटात घेतली नाही, पोट बरं नाही म्हणाला. त्याच्याही तुकड्या मीच खाल्ल्या.

फ्रिजवरच्या तक्त्यात २० तारखेच्या घरात पेन्सिलीनं बारीक लिहिलंय, 'शु. ५ वा.' शु. म्हणजे मी. २१ला लग्नाला वीस वर्षं होतायत. काहीतरी शिजतंय त्याच्या डोक्यात. मी बघितलंच नाही असं दाखवते. आवडलं पण.

१३ मार्च

आई गेली.

२ तारखेला गेली. आज १३.

१४ मार्च

लिहिते. नाहीतर हेही कुणीतरी दुसरंच सांगेल मला.

काल दुपारी क्लिनिकमधून येऊन कुकर लावला होता. रोज्यांचा दुसरा दिवस. खालच्या मजल्यावरच्या जुबैदाभाभी आल्या, रत्नागिरीच्या, पंधरा वर्षांची शेजारीण. हातात सांदणांचं ताट. दारातच माझ्या तोंडावरून हात फिरवला. "अगो, दहा दिस वाट बघतेय मी, तू कधी बोलशील. आई गेली नि तू डोळ्यातून टिपूस काढत नाय. असा आतल्या आत ठेवू नको."

मी म्हटलं, "कुणाची आई?"

त्यांनी ताट चपलांच्या रॅकवर ठेवलं आणि खालीच बसल्या. "या अल्ला. तुला ठाव नाय? निशिकांतभाईंनी आमच्यांना लिफ्टमध्ये सांगितलान, त्याच दिवशी."

लिफ्टमध्ये. तिसरा मजला ते तळमजला, एवढ्या वेळात शेजाऱ्याला सांगून झालं. मला सांगायला अकरा दिवस पुरले नाहीत.

त्यांच्या ऑफिसला फोन लावला. "आई गेली का?" एवढंच विचारलं. पलीकडून खुर्ची सरकली. मग, "शुभा, तू आधी बस. पाणी पी." मी बसलेलेच होते, भाभींच्या शेजारी, जमिनीवर. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कुणी मोजल्या नाहीत.

अर्ध्या तासात ते घरी आले. तुझ्यासाठीच केलं. ऋचाचं वर्ष होतं. आईंना काही त्रास झाला नाही, झोपेतच. आणि, हे खास, "तू निघाली असतीस तरी पोचली नसतीस, दुपारी चारलाच नेलं." चारला नेलं कारण मी येणार नव्हते. मी येणार नव्हते कारण मला कुणी सांगितलं नाही. इंजिनिअर माणूस, एवढं साधं उलटं लावता येईना. दादा थांबला असता माझ्यासाठी रात्रभर. बर्फ मिळतो चिपळूणला.

'शु. ५ वा.' म्हणजे काय तेही विचारलं. २० तारखेला संध्याकाळी पाच वाजता मला सांगायचं ठरलं होतं. बायो १९ला झाला की मग. २१ची तिकिटं बघून ठेवलेली. माझ्या आईच्या मरणाला पाच वाजताची वेळ दिली होती, आणि मी समजत होते हॉटेलात जेवायला नेणार. आवडलं पण, असं लिहिलंय मी वर. लाज वाटते वाचताना.

यापुढे या वहीत त्यांचं नाव नाही. गृहस्थ.

१४ मार्च, दुपार

आज तेरावा. गृहस्थ म्हणाले आत्ता निघालीस तर रात्रीपर्यंत पोचशील. कशाला? पंगत उठल्यावर खरकटी पानं बघायला? आणि खरं सांगायचं तर ऋ.चा बायो पाच दिवसांवर, तिला टाकून मलाच निघवेना. म्हणजे त्यांच्या तक्त्याप्रमाणेच वागले मी. याचा राग सगळ्यात जास्त.

दादाचा फोन. रडत होता. मी नाही रडले.

"निशिकांतराव म्हणाले, परीक्षा होईपर्यंत कळवू नका. जावयांचा शब्द. मी काय करणार?"

"तू माझा भाऊ ना?"

"अगं हो, पण घर त्यांचं."

जावयांचा शब्द. मानपान करता करता पाठीचा कणा कुठेतरी पाटाखाली राहिलाय याचा. वहिनी मागून म्हणाली, आम्हाला का आवडत होतं खोटं बोलायला. आवडत नसेल, पण जमत छान होतं. मशीन बिघडलंय, झोपल्यात, देवळात गेल्यात. मी विचारलं, देवळात गेल्यात असं सांगितलंस तो कितवा दिवस होता? ती म्हणाली दहावा. म्हणजे पिंडाचा. फोन ठेवला.

'चिपळूण २' नावाचा ग्रुप काढला होता त्यांनी. सगळे आहेत. कॅनडाचा चुलतभाऊ आहे ज्यानं आईला सात वर्षांत बघितलं नाही. मी नाही.

दादानं परत व्हिडिओवर फोन करून आईचा हार घातलेला फोटो दाखवला. माझ्या लग्नातला, कापून मोठा केलेला. डाव्या कडेला माझा शालूतला खांदा राहिलाय. खांद्यापुरती होते मी तिथे.

१६ मार्च

इथल्या मराठी मंडळाच्या चौघीजणी भेटायला आल्या. कपाळावर टिकल्या लहान करून आल्या होत्या, तेवढी अक्कल आहे. बाकी नाही.

"अगं किती जपतात तुला."

"आजकाल असे नवरे कुठं मिळतात."

"त्यांनी एकट्यानं सगळं पोटात ठेवलं गं, त्यांचाही विचार कर."

एकीनं तर गृहस्थांचा हात हातात घेऊन सांत्वन केलं. माझ्या आईबद्दल. गृहस्थांनी डोळे पुसले. मी चहा केला चौघींचा आणि त्यांचाही, आणि साखर घातली नाही. सगळ्यांनी मुकाट प्यायला. शोकाच्या घरी साखर मागत नाहीत बहुतेक.

गृहस्थ देवळात जाऊन भटजींना विचारून आले. लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक, ऐकल्यापासून. म्हणजे आज खलास. सगळं कसं वेळेत बसतंय.

८ तारखेच्या सुरमईचं विचारलं मी. "पोट बरं नव्हतं ना तुमचं?" म्हणाले, "खाववेना गं." स्वतःला खाववेना, पण मी खात होते ते बघवलं. तुकड्या वाढल्या त्यांनीच.

१७ मार्च

कामावर गेले. घरात बसून त्या माणसाच्या पावलांचा आवाज ऐकण्यापेक्षा रुवीतलं रिसेप्शन बरं. दातांचा दवाखाना. दोन वर्षं झाली मला तिथे, आणि डॉक्टरांचं नि माझं एकाच गोष्टीवरून वाजतं. ते लहान मुलांना सांगतात, काही दुखणार नाही, मुंगी चावल्यासारखं. मी खुर्चीपर्यंत सोडताना सांगते, दुखेल, दहा मोज, मग थांबेल. माझी मुलं कमी रडतात. डॉक्टरांना हे पटत नाही, पण नोंद घेऊन बघा म्हटलं की विषय बदलतात.

शमसा काउंटरवर माझ्या शेजारी बसते. मस्कतचीच, बलुची, हिंदी आपल्यापेक्षा बरी बोलते. तिला सांगितलं. तिनं मला मध्ये थांबवलं नाही, आई गं वगैरे केलं नाही. सगळं ऐकून विचारलं, "तो तुम्हारा अज़ा कब हुआ?" अज़ा म्हणजे त्यांच्यात तीन दिवस बसतात, लोक येतात. म्हटलं, माझा झालाच नाही, मी सोडून सगळ्यांचा झाला. ती म्हणाली, "खलास. आज से तीन दिन, यहीं."

दोनला सुट्टी झाल्यावर पॅन्ट्रीत दोन खुर्च्या मांडल्या तिनं. रोजे आहेत म्हणून कॉफी नाही, खजूर नाही. नुसती बसली. अर्धा तास. मध्ये एकदा विचारलं, "मम्मी क्या पकाती थी?" मी सांगितलं, कुळथाचं पिठलं. कुळीथ म्हणजे काय ते तिला समजलं नाही, मला हिंदीत सांगता येईना. त्या कुळथापाशी मी रडले. पहिल्यांदा.

१९ मार्च

तिसरा दिवस. शमसानं आईचं नाव विचारलं, मग ते नीट म्हणून बघितलं, इंदुमती. आमच्या घरी 'आई' आणि 'आत्या' आणि 'काकू'च होती ती. कितीतरी वर्षांनी कुणी नाव घेतलं. वीस वर्षं ज्यानं तिला वाकून नमस्कार केला त्याला जमलं नाही ते परक्या पोरीनं एका पॅन्ट्रीत केलं.

बायो झाला. ऋ. म्हणते ठीक. सगळे पेपर ठीक. जेवत नाही.

२० मार्च

पाच वाजता गृहस्थ आले. मी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते. त्यांच्या हातात चहाचे दोन कप, ऑफिसातून लवकर येऊन. ठरलेली वेळ पाळली. मला वाटलं आता माफी मागणार बहुतेक, नीट, कारणं न देता.

म्हणाले, "आता मेन पेपर झाले. आता तू मोकळेपणानं रड."

मी हसले. इतकी हसले की खालच्या पार्किंगमधला वॉचमन वर बघायला लागला. परवानगी मिळाली. सही-शिक्का तेवढा राहिला. चहा तुळशीत ओतला, मग तुळशीचंच वाईट वाटलं.

त्यांचे वडील गेले तेव्हा फोन मी घेतला होता. टॅक्सी करून त्यांच्या साइटवर गेले, हेल्मेट घातलेल्या माणसांतून त्यांना बाजूला बोलावलं आणि सांगितलं. दोन मिनिटं लागली. घाबरले होते मीही. पण ते त्यांचे वडील होते, माझे नव्हते, मी कोण सांभाळून ठेवणार ती बातमी? हेच कळत नाही त्यांना. माझी वस्तू होती ती. पहिल्या मिनिटापासून माझी.

२१ मार्च

वीस वर्षं. गृहस्थांनी काही आणलं नाही, तेवढी भीती आहे.

ते हॉलमध्ये सोफ्यावर झोपतात आता. सकाळी चादरीची नीट घडी घालून ठेवतात, कोपऱ्याला कोपरा. ती घडी बघूनही डोकं उठतं माझं. एवढा नीटनेटका माणूस असतो का कुणी.

२४ मार्च

ऋ.ला माहीत होतं.

आज सकाळी तिच्या कपाटात इस्त्रीचे ठेवायला गेले. शाळेच्या शर्टांखाली आईनं विणलेली टोपी, ती तान्ही असतानाची. ती मागेच उभी होती. म्हटलं, कधी काढलीस? म्हणाली, "थर्डला."

३ मार्चला संध्याकाळी, फिजिक्सच्या आदल्या दिवशी, मामेबहिणीच्या स्टेटसवर फोटो बघितला. मिस यू आजी. ती रडत हॉलमध्ये आली, मी क्लिनिकच्या संध्याकाळच्या शिफ्टला. गृहस्थांनी तिला जवळ घेतलं. आणि सांगितलं, मम्माला सांगायचं नाही, ती कोलॅप्स होईल, मग तुझं कोण बघणार? फोन ड्रॉवरमध्ये जायला लागले ते त्या दिवसापासून.

पोरीनं मराठीत सांगायचा प्रयत्न केला, अडखळत. इंग्रजी सोडून. ते जास्त लागलं. "मला रोज वाटायचं की तुला सांगावं. तू डबा द्यायची मला, आणि हसायची. मला ते बघायला नाही जमत होतं."

सतरा वर्षांची पोर. आजी गेली ते पोटात घेऊन फिजिक्स लिहिला, मॅथ्स लिहिला. आणि समोर मी, टिफिनमध्ये लिंबाची फोड ठेवू का विचारत.

म्हणजे पेपरसाठी नव्हतंच हे. ज्याच्या नावानं सगळं केलं त्या मुलीला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, आणि तिनं पेपर दिले, पासही होईल. पेपरपासून बातमी लांब नव्हती ठेवलेली. मी लांब ठेवलेली होते. माझं रडणं.

दुपारी

विचारलं गृहस्थांना. ऋ.ला माहीत होतं तर मग कुणासाठी लपवलंत? आधी नेहमीचं, दोघं मिळून तुला सावरणार होतो वगैरे. मी तेच परत विचारलं. तिसऱ्या खेपेला खाली बघून म्हणाले,

"तू रडायला लागलीस की मला काही सुचत नाही, शुभा. काय करायचं असतं तेच कळत नाही. मला वाटलं जरा पुढे ढकलू."

वीस वर्षांत पहिलं खरं वाक्य. पुढे ढकलू. लोकांच्या इमारतींचे दिवस मोजून मोजून हा माणूस स्वतः कशाला म्हणून सामोरा गेलेला नाही. दुष्ट असता तर सोपं होतं, चार शिव्या घालून मोकळी झाले असते. हा नुसता घाबरट. घाबरट माणसाचा तिरस्कार करायला रोज नव्यानं ताकद लावावी लागते.

आणि स्वतःच्या भीतीचं ओझं दिलं कुणाला, तर पोरीला. हे मी विसरणार नाही. आईचं कदाचित एखाद्या वर्षी विसरेन. हे नाही.

२६ मार्च

ऋ. आज पोटभर जेवली. दोन वाट्या आमटी. बोलून टाकल्यापासून रंग आलाय तोंडावर.

भाभी इफ्तारीआधी डोकावल्या. म्हणाल्या, "मी तोंड उघडला म्हणून तुमच्यात झाला काय हा सगळा?" म्हटलं, भाभी, या बिल्डिंगीत मला माणूस समजणाऱ्या तुम्ही एकट्या निघालात. त्यांना ते आवडलं नाही. "असा बोलू नको. भाईंनी वंगाळ मनानी नाय केलान." मलाही माहीत आहे. चांगल्या मनानंच करतात सगळे. वाईट मनानं कुणी साबुदाण्याची खिचडी करत नाही.

२९ मार्च, शुक्रवार

ऋ.ला घेऊन मत्र्याला समुद्रकाठच्या कॉर्निशवर गेले, सकाळी, ऊन चढायच्या आत. मासळी बाजाराकडून वास. बाकावर बसलो. मी उगाच म्हटलं, आई त्या दिवशी माकडिणीचं काहीतरी सांगत होती, मी ठेव म्हटलं. दादाला विचारलं, वहिनीला विचारलं, कुणाला माहीत नाही. डब्याचं काय झालं ते आता समजायचं नाही.

ऋ. म्हणाली, "मला माहीत आहे."

त्याच दुपारी आईनं तिला फोन केला होता. मी भाजीला खाली गेले होते. बोललीस? अभ्यास होता ना? "मला ब्रेक हवाच होता, मम्मा." मी दिवसभर दाराबाहेर पहारा दिला आणि माझी पाठ वळताच आत आजी-नात माकडांवर गप्पा मारत होत्या.

तर डब्यात तपकीर होती. आईची. माझी आई तपकीर ओढायची. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी मत्र्याच्या धक्क्यावर समजलं. माकडिणीनं डबा उघडून नाक घातलं आणि शिंकायला लागली. शिंकता शिंकता पिल्लू फळीवरच राहिलं आणि ती खिडकीतून बाहेर. पिल्लू ओरडायला लागलं. आईनं ते खाली घेतलं, पदरात. "आजी म्हणाली, मी गप्प बसले एकदम. हललेच नाही. मग ती परत आली, आजीच्या... मांडीवरून? मांडीवरून घेतलं, आणि गेली. चावली नाही. आजी म्हणाली, तिनं माझ्याकडे बघितलं पण, नीट."

आणि शेवटी, "मम्माला तपकिरीचं नको सांगू, ओरडेल."

या घराण्यात मला कुणी काही सांगतच नाही. तिथे बाकावर हसलो दोघी, ऋ. तर डोळे पुसत. मग मी रडले, भर सकाळी, चालणाऱ्या लोकांसमोर. ऋ.ला काही सुचलं नाही असं झालं नाही. तिनं पाण्याची बाटली उघडून दिली आणि शेजारी बसून राहिली. एवढंच करायचं असतं. सतरा वर्षांच्या मुलीला येतं ते.

पण हेही लिहायला हवं. आईला 'पेपर संपले की बोलू' मी म्हटलं होतं. गृहस्थांनी नाही. ते शब्द या घरात त्यांनी आणले नाहीत.

३१ मार्च

तिकीट काढलं. ३ एप्रिल, मस्कत-मुंबई, तिथून दादा गाडी पाठवतोय. गृहस्थ म्हणाले, "दोन काढू? मीही येतो." म्हटलं, एकच. मग बराच वेळ कार्डाच्या पाकिटाशी चाळा करत, "परतीचं?"

"नाही काढलं."

त्यांनी तक्त्याकडे बघितलं. तक्ता अजून फ्रिजवर आहे. २ एप्रिलनंतर मोकळे चौकोन. काही लिहिलं नाही त्यांनी.

शमसाला सांगितलं. तिनं आईसाठी म्हणून बखूरचं म्हणजे धुपाचं एक पाकीट दिलं, फोटोपुढे लाव म्हणाली. परत कधी येणार, हे तिनं विचारलं नाही. रजेच्या अर्जात डॉक्टरांनी विचारलंय, तो रकाना रिकामा सोडलाय.

१ एप्रिल

बॅग भरते. आईसाठी न्यायच्या गोष्टी आपोआप हातात येतात. खजूर, बाम, त्या मऊ चपला. परत ठेवते.

चादरीच्या घडीचा आज राग आला नाही. लक्षातच आलं नाही. दुपारी आठवलं की आज राग यायचा राहिला.

पाडवा ९ला. या वर्षी गुढी नाही. त्या दिवशी मी कुठे असेन ते माहीत नाही.

२ एप्रिल

आज शेवटचा पेपर. सकाळी सहाला ऋ. जेवणाच्या टेबलावर, पोहे पुढ्यात, हॉल तिकीट, दोन पेनं. मी लिंबू चिरत होते. नि. किल्ली घेऊन दाराशी. (लिहून गेले. राहू दे.)

ऋ.नं वर न बघता विचारलं, "मम्मा, तू परत येणार ना?"

माझ्या तोंडातून निघालं, "पेपर होऊ दे, मग बोलू."

चमचा थांबला तिचा. नि.नं माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत जिंकल्याचं काही नव्हतं, हे कबूल करते. उलट भ्यायल्यासारखा दिसला. आणि मला आई ऐकू आली, बरं बरं, ठेव. ओरडून, मशीन लावून.

सुरी ठेवली. तिच्यासमोर बसले. क्लिनिकमध्ये खुर्चीपर्यंत सोडताना बसते तशी, डोळ्यांच्या पातळीवर.

"मला माहीत नाही, ऋचा. यावंसं वाटतं, तुझ्यासाठी. बाबांबरोबर परत राहता येईल का ते अजून समजत नाही. समजलं की पहिलं तुला सांगेन. दुसऱ्या कुणाच्या आधी."

नि.च्या हातातली किल्ली वाजली. तो ऐकत होता. ऐकू दे. ही बातमी त्यालाही वेळेवर मिळाली.

मला वाटलं रडेल. रडली, थोडीशी, पोह्यांवर वाकून. मी टेबलावर हात ठेवून बसून राहिले. दहापर्यंत मोजलं असेल. मग तिनं नाक पुसलं, लिंबाची फोड मागितली, सगळे पोहे संपवले. हॉल तिकीट दोनदा तपासलं. दारात बूट घालताना म्हणाली, "ओके. थँक्स, सांगितलंस म्हणून."

दोघं गेले. मी फ्रिजवरचा तक्ता काढला. चिकटपट्टीचे चार डाग राहिले.

दीडला परत आली. बॅग टाकली, बूट तसेच फेकले, फ्रिज उघडला.

"कसा गेला?"

"मस्त गेला," म्हणाली. "सगळ्यात बरा हाच."